मावशीचं जातं पुण्यात

लोणावळ्यात पर्यटकांना पॉइंट दाखवत फिरवण्यात माझी हयात गेली. म्हणून मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं माझी मावशी म्हणते. हे उरलेल्या निम्म्यातलं.

मावशी आंदर मावळातली. तिचं जातं एका संग्रहालयाची माणसं टेम्पोत घालून घेऊन गेली. गिरणी आल्यापासून ते परसात पडूनच होतं. तिनं हौसेनं दिलं. टेम्पो वळणाआड गेला आणि मग तिच्या ध्यानात आलं, जातं रिकामंच गेलं. आमच्याकडं जातं घराबाहेर काढायचं तर आधी त्याच्या तोंडात मूठभर धान्य घालतात. मावशीला चुटपुट लागली ती लागलीच. पुण्यात ते प्रदर्शनात मांडलंय म्हणून कळलं, तशी तिनं पदराच्या गाठीला इंद्रायणी तांदूळ बांधले.

"चल," म्हणाली. "तुज्या जिबेचा कदी न्हाई तो उपेग हुईल."

लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडं असायचो. पहाटे ते जातं घरघरलं की डोंगरातले वाघ कूस बदलून पुन्हा झोपी जात. मी मात्र जागा व्हायचो आणि तिच्या मांडीवर डोकं टेकायचो. पिठाची ऊब गालाला लागायची. ओव्यांत सगळ्या भावाभाच्यांची नावं येत. माझं यायच्या आत झोप लागू नये म्हणून मी स्वतःला चिमटे काढायचो. तसली पहाट पुन्हा मिळणार असेल तर मी लोणावळ्याचे सगळे पॉइंट विकायला तयार आहे. ते माझे नाहीत, ही बारीक अडचण.

प्रदर्शनात गर्दी अशी, की एकानं श्वास घ्यावा आणि शेजाऱ्यानं सोडावा. जातं लाल कापडावर, भोवती दोरी, बाजूला खुर्चीवर रखवालदार.

"आता रं?" मावशी पुटपुटली.

मी पलीकडच्या तांब्याच्या हंड्यापाशी गेलो आणि आवाज चढवला. "मंडळी, या हंड्यात बसून अख्खी वरात पुरातनं पार झालीय. टाकवे गावची. नवरा, नवरी, वाजंत्री आणि घोडा."

बघता बघता माणसं जमली. रखवालदारही उठून आला.

"आणि करवल्या?" त्यानं विचारलं.

"त्या झाकणावर. हंड्यात त्यांचं भांडण जुंपलं होतं."

घोड्याला मळमळायला लागेपर्यंत मी वरात नदीच्या मध्यावर आणली आणि हळूच मागं बघितलं. मावशी दोरीच्या आत वाकून उभी, पदराची गाठ तशीच. वरात तिथंच सोडून मी धावलो.

"टाक की, मावशी."

"बग हितं."

जात्याच्या तोंडात ज्वारी होती, बाजरी होती, गहू, नाचणी, दोन शेंगदाणेसुद्धा.

"रोज टाकतात बायका," पाठीमागून रखवालदार म्हणाला. "संध्याकाळी काढून मी पाखरांना घालतो. टाका आजी, चोरून कशाला? आणि तुम्ही हो, घोड्याचं काय ते सांगा."

मावशीनं गाठ सोडली. तांदूळ घातले, हात जोडले. निघू म्हटलं तर हलेना. तेवढ्यात एक नऊवारीतली म्हातारी मूठ आवळून, इकडंतिकडं बघत दोरीपाशी घुटमळायला लागली. मावशीनं घरच्यासारखी दोरी वर धरली.

"या बाई," म्हणाली. "अजून जागा हाय."