दोह्यात भेटलेलं बगदाद

विमान खाली उतरू लागलं तेव्हा समुद्र कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते, तेच मला कळेना. पाणी उथळ, फिकट हिरवं. वाळू त्याहून फिकट. आणि मध्ये काठ म्हणावा अशी रेघच नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी मुलगी माधवी आणि जावई संजय दोह्यात स्थायिक होऊन काही वर्षं झाली होती आणि "बाबा, एकदा येऊन तर जा" हे पालुपद दर फोनला ठरलेलं असे. बायकोच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही, म्हणून शेवटी मी एकटाच सांगलीहून निघालो.

आखाती मुलूख मला अगदीच परका नव्हता. वीसेक वर्षांपूर्वी एका भारतीय बांधकाम कंपनीतर्फे मी दोन वर्षं बगदादला होतो. तिकडे तेव्हा चारी बाजूंना इमारती, दवाखाने, रस्ते यांची कामं चालली होती. संध्याकाळी कामावरून सुटलो की आम्ही टायग्रिसच्या काठी जाऊन बसायचो. तिथे नदीतला मासा उभा चिरून जाळाभोवती भाजत. त्याला 'मसगूफ' म्हणत. मोडकंतोडकं अरबी मी तिथेच शिकलो. इराणशी युद्ध पेटलं तसे आम्ही परतलो. पण मनातलं ते शहर तसंच राहिलं, दिवे लागलेलं, गजबजलेलं.

माधवीचं घर दोह्याच्या मदिनत खलीफा या वस्तीत. एका मोठ्या बंगल्याचे भाग पाडून ते वेगवेगळ्या कुटुंबांना भाड्याने दिले होते. अंगण एकच, आणि त्यात एक वाकडं बाभळीसारखं झाड. पलीकडच्या भागात सुहाद नावाच्या इराकी बाई नवऱ्यासोबत राहत. त्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. नवरा औषधांच्या दुकानात होता. पहिल्याच सकाळी त्या गरम 'समून' (होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता पाव) घेऊन आल्या. मी बगदादला राहिलो होतो हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

"माझा भाऊ येतोय बगदादहून," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी भेटणार आहे. तोही तुमच्यासारखा इंजिनिअर. पूल बांधतो."

चार दिवसांनी त्यांचा भाऊ हिशाम आला. कुवेतच्या लढाईनंतरच्या निर्बंधांमुळे बगदादहून थेट विमान नव्हतं. वाळवंटातून दिवसभर गाडीने अम्मानला, तिथून विमानाने इकडे. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी म्हणून त्यांना देशाबाहेर पडायचा परवाना मिळाला होता, तोही महिन्यापुरता. माझ्याच वयाचे, उंच, कोट नीट इस्त्री केलेला, पण कॉलर उसवून उलटी शिवलेली. अंगणात गाठ पडताच मी उत्साहाने माझं ठेवणीतलं वाक्य काढलं, "शकू माकू?" (शब्दशः 'काय आहे, काय नाही?' म्हणजे काय विशेष?) हे खास बगदादी बोलणं आहे, बहुतेक इतर अरब असं विचारत नाहीत.

मला वाटलं होतं, ते हसतील. त्यांचा चेहरा मात्र एकदम बंद झाला. "सगळं उत्तम, देवाची कृपा," असं इंग्रजीत म्हणून ते आत निघून गेले. त्यानंतर दोन दिवस ते अंगणात आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सुहाद ओशाळल्या चेहऱ्याने आमच्याकडे आल्या. "रागावू नका," त्या म्हणाल्या. "त्याला वाटलं, इराकी नसून बगदादची भाषा बोलणारा माणूस इथे शेजारी कसा? कोणीतरी पाळतीवर मुद्दाम ठेवला असेल. मी त्याला शपथेवर सांगितलं, मुलीकडे आलेले वडील आहेत म्हणून."

"माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कोण ठेवणार?" मी म्हणालो.

"तिकडे म्हाताऱ्यांनाच ठेवतात," त्या म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

त्यानंतर मात्र हिशाम येऊन बसू लागले. दुपारी चिमुकल्या पेल्यांतून वेलदोड्याचा काळा चहा व्हायचा. आम्ही काँक्रीटवर, लोखंडावर, टायग्रिसवरच्या जुन्या पुलांवर बोलायचो. देशावर कधीच नाही. त्यांच्या राज्यकर्त्याचं नाव त्या घरात मी एकदाही ऐकलं नाही. उल्लेख करायची वेळ आलीच तर सुहाद नुसतं बोट वर करत.

एका संध्याकाळी मी आणि हिशाम मुशैरिबला, दोह्याच्या जुन्या बाजारभागात गेलो. अरुंद रस्ते, दाटीवाटीची दुकानं, हिंदी-उर्दू-मल्याळी गलका आणि इस्त्रीवाल्यांच्या कोळशाचा वास. आपल्याकडच्या बाजारपेठेत आल्यासारखंच मला वाटत होतं. हिशाम एका स्टेशनरीच्या दुकानात शिरले आणि त्यांनी साध्या शिसपेन्सिलींची खोकीच्या खोकी घेतली.

"घरी दोन मुली आहेत," ते म्हणाले. "आमच्याकडे पेन्सिली येत नाहीत. आतलं शिसं युद्धाच्या कामाला येईल म्हणून बाहेरचे देश अडवतात. थोरली लिहिते ते पुसते, आणि त्याच कागदावर धाकटी लिहिते."

दुकानदाराने "खलास, आणखी नाहीत" म्हटलं तेव्हा कुठे ते थांबले.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाली त्या दिवशी सुहादनी मला बाजूला गाठलं. "त्याने इथेच राहावं," त्या म्हणाल्या. "मुशैरिबमध्ये एका कंपनीचं ऑफिस आहे. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे साहेब त्याला उद्या घ्यायला तयार आहेत. पण तो विषयच काढू देत नाही. तुम्ही समवयस्क, त्याच्याच धंद्यातले. तुमचं ऐकेल. परतीला थोडेच दिवस उरलेत."

मी हो म्हटलं. एवढं सोपं काम नव्हतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.

शुक्रवारी संजयने पश्चिम किनाऱ्याची सहल ठरवली. गाडी इब्राहिमभाईंची. ते मूळ खेडचे. संजयच्या ऑफिसात स्टोअर सांभाळत आणि सुट्टीच्या दिवशी मोठी जीप घेऊन भटकत. संजय पुढे, मी आणि हिशाम मागे. अल रय्यानची घरं, मशिदी, धुळकट खजुरी मागे पडल्या आणि मग सपाट माळ सुरू झाला. झाड नाही, टेकाड नाही. मधूनच उंटांचा कळप. हिवाळ्यातला थंड वारा वाळूची रांगोळी रस्त्यावरून ओढत नेत होता. किनाऱ्याजवळ आल्यावर चुनखडीचे पांढरे खडक दिसले, खालून वाऱ्याने खाल्लेले, छत्रीसारखे उभे.

"साहेब, हितनं शॉर्टकट हाय," म्हणत इब्राहिमभाईंनी गाडी डांबरी रस्त्यावरून खाली उतरवली. थोडं पुढे गेल्यावर गाडी सरळ खालीच गेली. वरून कोरडी दिसणारी ती जमीन 'सबखा' (वर मिठाचा पापुद्रा आणि खाली चिखल असलेली खारवट जमीन) निघाली. चाकं निम्मी बुडाली होती.

"माझाच शानपना," इब्राहिमभाई म्हणाले आणि फावडं घेऊन कामाला लागले. संजयने बाह्या सरसावल्या. आम्ही दोघांनीही हात लावला असता, पण एकाच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं वय झालेलं, म्हणून त्या दोघांनी आम्हाला पिटाळलं. आम्ही पाण्याच्या कडेने चालू लागलो.

बरंच अंतर गेल्यावर हिशाम थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं.

"इथे कोणी नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. तरी बघतो," ते म्हणाले आणि एका खडकावर बसले. मग विचारल्याशिवायच बोलू लागले.

"कुवेतच्या लढाईत आमचे पूल पाडले. सुटे भाग नाहीत, क्रेन जुनाट. एका पडलेल्या पुलाचे गर्डर काढून आम्ही दुसऱ्याला लावले. जेवण साइटवर, झोप साइटवर. पहिली बस पलीकडे गेली तेव्हा बायका खिडकीतून आमच्यावर मिठाई फेकत होत्या. आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नाही."

"आणि मग?"

"मग वरून बोलावणं आलं. चांगले इंजिनिअर आहात, आता महाल बांधा. तेव्हापासून महालच बांधतो. एक झाला की दुसरा. देशात सिमेंट नाही, पण तिथे आहे. माझ्या मुलींच्या शाळेच्या खिडक्यांना काचा नाहीत, पुठ्ठे लावलेत. सकाळी त्यांना तिथे सोडतो आणि संगमरवर बसवायला जातो."

"नाही म्हणता येत नाही?"

लहान मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझ्या आधीच्या माणसाने म्हटलं होतं," ते म्हणाले.

वारा वाढला होता. समोर पाणी पार क्षितिजापर्यंत गुडघाभरच असावं असं दिसत होतं.

"बाहेरच्या जगाने आमच्या नाड्या आवळल्या, हे खरंच आहे," ते म्हणाले. "औषधावाचून मुलं जातात, ती मी पाहिलीत. पण आमचं नुकसान त्याआधीच झालं होतं. टीव्हीवर तो दिसला की आम्ही चॅनेल बदलत नाही. का, माहीत आहे? शाळेत बाई मुलांना विचारतात, तो बोलतो तेव्हा तुमचे बाबा काय करतात? धाकटी अजून खोटं बोलायला शिकलेली नाही. माझा एक मित्र आहे, कॉलेजपासूनचा. दर गुरुवारी आम्ही सोंगट्या खेळतो. इतक्या वर्षांत या विषयावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही. त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. माझ्या मनातलं त्याला ठाऊक नाही. आणि तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे."

"हे सुरू कसं झालं?" मी विचारलं. "मी होतो तेव्हा तर सगळं बरं चाललं होतं."

"चाललंच होतं. वीज गावोगाव पोहोचली, म्हाताऱ्या बायका लिहायला शिकल्या. शेजारचा एखादा माणूस नाहीसा झाला की आम्ही म्हणायचो, त्याने काहीतरी केलं असेल. कठोर माणूस आहे, पण काम होतंय. आमच्या घरापर्यंत येईतो आम्ही तेच म्हणत होतो."

मग मी सुहादना दिलेला शब्द पाळला. म्हटलं, "इथेच राहा. काम आहे, बहीण आहे. नंतर कुटुंबालाही काढता येईल."

"तुम्हाला बोलायला तिने सांगितलं ना?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "परवाना देताना त्यांनी माझ्या बायकोला जामीन ठेवलंय. बायको आणि मुली देशात आहेत म्हणून तर मला सोडलं. मी गेलो नाही, तर ते त्यांच्याकडे येतील. थोरली सोळा वर्षांची आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिलो. थोड्या वेळाने लांबून हॉर्न वाजला. इब्राहिमभाईंनी चाकांतली हवा कमी करून, खाली चटया सारून गाडी बाहेर काढली होती. दोघं नखशिखान्त चिखलाने माखले होते आणि खूश होते. तिथेच त्यांनी काटक्या पेटवून बरोबर आणलेला हमूर मासा भाजायला काढला. हिशामनी तो स्वतःच्या हाताने मसगूफसारखा चिरला, जाळाच्या कडेला उभा केला आणि पहिला घास मला दिला. चव तीच नव्हती.

परतल्यावर सुहादनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. त्या आत गेल्या आणि भावाच्या आवडीचा दोलमा (पानांत गुंडाळलेला भात) करायला लागल्या.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. बॅगेत औषधं, दुधाच्या पावडरचे डबे, मुलींचे बूट. सुहाद रडल्या नाहीत; भावाच्या कोटाची कॉलर मात्र पुन्हा पुन्हा सारखी करत राहिल्या. हिशाम माझ्यापाशी आले, गालाला गाल लावला आणि हळूच म्हणाले, "कधी बगदादला आलात, तर माझ्याकडे येऊ नका. पत्ताही विचारू नका. आमच्या बापजाद्यांत पाहुण्याला असं कोणी सांगितलं नसेल. मला माफ करा." आणि ते आत गेले. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

आठवड्याने मीही निघालो. विमानात शेजारी कराड तालुक्यातला एक सुतार होता, तीन वर्षांनी घरी चाललेला. मुंबई येईस्तोवर त्याला आनंदाने बसवत नव्हतं. घरी गेल्यावर काय काय करणार ते तो सांगत होता. मी ऐकत होतो, पण डोळ्यांपुढे अम्मानहून निघालेली गाडी होती.

पुढे माधवीने फोनवर कळवलं की हिशाम सुखरूप पोहोचले. बहीणभावाचं महिन्याला बोलणं होतं. तब्येत आणि हवापाणी, एवढंच. दुसऱ्यांदा परवाना मात्र मिळाला नाही.

सांगलीत आमच्या निवृत्त इंजिनिअरांच्या मंडळाने दोह्यावर बोलायला बोलावलं. समुद्राकाठचा रस्ता, गाड्या, पाणी गोडं करण्याची यंत्रं, सगळं सांगितलं. शेवटी कुलकर्णीसाहेब म्हणाले, "बघा, म्हणून आपल्यालाही एक कडक माणूस पाहिजे. दहा वर्षं दिली ना, देश सुतासारखा सरळ होईल." दोघातिघांनी माना डोलावल्या.

तेव्हा मी हिशामची गोष्ट सांगितली, आत्ता लिहिली तशीच. मग कुलकर्णी म्हणाले, "ते तिकडचं झालं हो. आपल्याकडे तसं नाही होणार."

एवढ्यात चहा आला. कोणीतरी पेन्शनच्या थकबाकीचा विषय काढला आणि सगळे मिळून सरकारला शिव्या घालू लागले. मुख्यमंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत कोणालाही त्यांनी सोडलं नाही. कुलकर्णींचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तो थेट रस्त्यापर्यंत जात असणार. मी खिडकी उघडीच ठेवली आणि ऐकत बसलो.