अण्णांनी मोजलेली चित्रे

रविवार, १८ जानेवारी २००९. सकाळी सहाला उठले. थंडी बरीच आहे. पूजा झाली, दुपारसाठी दोन भाकऱ्या करून ठेवल्या आणि दहा वाजता कागद घेऊन बसले. आता तीन वाजले आहेत.

श्री. मल्लाप्पा शेटे, म्हणजे आपल्या सर्वांचे अण्णा, पुढच्या महिन्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मला लेख मागितला आहे. मी शाळेच्या कार्यालयात लेखनिक होते. पत्रे पुष्कळ लिहिली, लेख कधी लिहिला नाही. सुचेल तसे लिहिते.

अण्णांची आणि माझी ओळख १९९१ सालची. माझे यजमान, कै. वसंतराव माने, यांचा फोटो स्टुडिओ होता. फोटोग्राफीची जुनी पुस्तके जमवणारी सात-आठ माणसे दर रविवारी सकाळी अण्णांच्या कापड दुकानाच्या माळ्यावर बसत, हे मी यजमानांकडून ऐकले होते. एका रविवारी त्यांच्याबरोबर मीही गेले. जिना चढताच अण्णांनी माझ्यापुढे पाण्याची बादली आणि कोरा पंचा ठेवला. "वहिनी, हात धुवा आन् चांगलं कोरडं करा. इथं देवाचं न्हाई, पण सोवळं हाय." मग त्यांनी मला एक पुस्तक दिले आणि पान वरच्या कोपऱ्याने कसे उलटायचे ते दाखवले. बाई माणूस म्हणून मला कोपऱ्यात बसवले नाही. पुस्तकातले काय आवडले ते विचारले आणि मी सांगितले ते पूर्ण ऐकून घेतले. असे ऐकून घेणारे फार थोडे असतात.

माळ्यावरची पद्धत वाचकांना ठाऊक आहे, तरी बाहेरच्यांसाठी लिहिते. अशी पुस्तके जुन्या बाजारात आली की त्यातली चांगली चित्रे बहुतेक वेळा कापून नेलेली असतात. लोक ती फ्रेम करून हॉटेलात, सलूनमध्ये लावतात. म्हणून पुस्तक माळ्यावर आले की अण्णा एकेक चित्र उलटत मोठ्याने आकडा म्हणत आणि दुसरे कोणी पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या चित्रांच्या यादीवर पेन्सिलीने खूण करी. सगळी चित्रे असली तरच पुस्तक माळ्यावर राही. आपसात देताना आणलेल्या किमतीवर कोणी एक रुपया चढवायचा नाही. अपुरे पुस्तक खाली गल्ल्यामागच्या कपाटात जाई. कोणाला पुस्तक घरी नेऊन दिले आणि ते परत आले, की पुन्हा मोजणी.

अण्णांच्या सचोटीचा एक प्रसंग यजमान नेहमी सांगत. दोघे इचलकरंजीला एका रद्दीच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने एक जाडजूड पुस्तक तराजूत टाकले.

"घ्या की पावणं, किलोवर देतो. कागद गुळगुळीत हाय, वजनाला बसतोय."

अण्णांनी ते उचलले, तिथेच पोत्यावर बसून चित्रे मोजली. "किलोवर न्हाई घेणार. ह्याचं तीनशे होत्यात."

"रद्दीचं तीनशे?"

"चित्रं सगळी हाईत, शिवण घट्ट हाय, कसर लागल्याली न्हाई. तीनशेच बराबर."

दुकानदाराने यजमानांना बाजूला घेऊन विचारले, "पावण्यास्नी बरं न्हाई काय?" पैसे घेतले मात्र. पुढे त्याच्याकडे असे पुस्तक आले की तो ते अण्णांसाठी वेगळे ठेवू लागला. अण्णा म्हणत, चांगली प्रत पाहिजे तर विकणाऱ्याला फसवून चालत नाही, तो दुसऱ्यांदा दार उघडत नाही. रद्दीवाल्याचाही रुपया न बुडवणारा हा माणूस. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे वाचताना ते विसरू नये.

चौऱ्याऐंशी चित्रांचे एक पुस्तक अण्णांनी १९९४ मध्ये मुंबईहून आणले. एका परदेशी माणसाने आपल्याकडच्या नदीकाठांची काढलेली छायाचित्रे होती. पानाच्या एका बाजूला चित्र, मागची बाजू कोरी. त्यातले अडतिसावे चित्र यजमानांना फार आवडे. दोन बायका दोन टोकांना धरून चादर पिळत आहेत, एवढेच. "हे एक चित्र स्टुडिओत लावायला पाहिजे," असे ते माळ्यावर चारचौघांत म्हणाले होते.

१९९७ च्या जुलैत त्यांनी ते पुस्तक आठ दिवसांसाठी घरी आणले. परत केले त्या रविवारी मीही बरोबर होते, कारण तिथून आम्हाला राधानगरीला माझ्या माहेरी जायचे होते. अण्णा पाने उलटत होते आणि गणपतराव यादीवर खुणा करीत होते. हे गणपतराव छापखान्याचे मालक आणि या ग्रंथाचे संपादक. सदतीस झाले. अण्णांनी पान उलटले आणि ते थांबले.

"वसंतराव, अडतीस कुठं हाय?"

"असेल की, अण्णा. परत बघा."

अण्णांनी दोनदा पाहिले. सदतीसनंतर एकोणचाळीसच होते.

"एक पान जरा दमट झालं होतं," यजमान म्हणाले. "पत्र्यातून ठिबकलं. टिपून घेतलं आणि फुगू नये म्हणून वजनाखाली दाबून ठेवलं. बाकी पुस्तकाला मी काही केलं नाही."

"दमट झालं म्हणून पान उडून जातंय व्हय?" गणपतराव म्हणाले. दोघे-तिघे हसले.

अण्णांनी शिवणीतून बोट फिरवले. कापल्याची खूण लागली नाही.

"रिटचिंगचा हात हाय, अण्णा. खूण ऱ्हाईल कशी?" हेही गणपतरावच म्हणाले. निगेटिव्हच्या काचेवरचे डाग बारीक ब्लेडने खरवडून चेहरा स्वच्छ करण्यात यजमानांचा हात गावात नावाजलेला होता. त्यांच्या कसबाचेच त्या दिवशी पुरावा म्हणून नाव घेतले गेले.

यजमान अण्णांकडे पाहत होते. "अण्णा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायचं काय हाय त्यात? मोजून त्र्याऐंशी हाईत."

अण्णा यापेक्षा एक शब्दही जास्त बोलले नाहीत. भरपाई मागितली नाही, बाहेर कोणाकडे विषय काढला नाही. पुस्तक उचलून खालच्या कपाटात ठेवले आणि पुढचे पुस्तक उघडले. पुष्कळांनी तेव्हा त्यांच्या संयमाचे कौतुक केले. ओरडले असते तर यजमानांना उलटून बोलता आले असते.

यजमान पुन्हा माळ्यावर गेले नाहीत आणि त्यांना बोलवायला कोणी आले नाही. गोष्ट मात्र जिना उतरून गावभर गेली. पेठ वडगावला एका लग्नात ते अल्बम द्यायला गेले, तेव्हा मांडवातून कोणी तरी ओरडले, "पानं मोजून घ्या रे!" घरी येऊन त्यांनी हे मला हसत सांगितले. ते हसणे मला अजून ऐकू येते.

मलाही माझे लिहिले पाहिजे. त्या ऑगस्टमध्ये एका दुपारी मी स्टुडिओत गेले आणि त्यांच्या टेबलाचे खण उघडून पाहिले. मागे वळले तर ते दारात उभे होते. "सापडलं का?" त्यांनी विचारले. ते पुढे सहा वर्षे जगले, २००३ मध्ये हृदयविकाराने गेले. तो विषय आम्ही दोघांनी पुन्हा काढला नाही.

२००५ च्या पुरात अण्णांच्या दुकानात कमरेएवढे पाणी आले. माळ्यावरची पुस्तके कोरडी राहिली. खालच्या कपाटातली भिजली, त्यांत ते नदीकाठांचे पुस्तकही होते. पाणी ओसरल्यावर अण्णा दुकानातल्या मलमलीचे तुकडे एकेका ओल्या पानात घालत बसले होते. सदतिसावे पान हाताला जाड लागले. कडेने अलगद सोडवले, तेव्हा त्याच्या पाठीवरून दुसरे पान सुटून आले. गुळगुळीत कागद दमट होऊन वजनाखाली राहिला की असा एकजीव होतो. अडतिसावे चित्र आठ वर्षे आतच होते.

तिथे त्यांच्याखेरीज कोणी नव्हते. पान पुन्हा दाबून ठेवले असते तर कोणाला कळले नसते. ते त्याच दिवशी, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या दारात आले. मी बसा म्हटले, ते बसले नाहीत.

"वहिनी, वसंतराव खरं बोलत हुते." त्यांनी पान उघडून दाखवले. "पन्नास वर्षं कापड हाताळलं. दोन घड्यांतला फरक मी अंधारात सांगतो. दोन पानांचं एक झाल्यालं मला कळलं न्हाई."

"कळलं नाही, की बघायचं नव्हतं?" मी विचारले.

"ते मलाबी ठावं न्हाई," अण्णा म्हणाले.

"मंडळींना सांगाल?"

"ह्या रविवारीच सांगतो."

तो रविवार गेला. त्यानंतरचे किती गेले ते मी मोजले नाहीत. गणपतराव बाजारात भेटले की पूर्वीसारखेच कीव आल्यासारखे बोलत, त्यावरून मला समजे. मी अण्णांना विचारायला गेले नाही. मीही यजमानांचे खण उघडून पाहिले होतेच.

गेल्या महिन्यात गणपतराव लेख मागायला आले. "अण्णांनी तुमचं नाव पहिलं घातलंय, वहिनी. का ते सांगत न्हाईत." मी दुकानात गेले. अण्णा आता काठी घेऊन चालतात.

"काय लिहू मी, अण्णा?"

"झालं ते लिवा. तीन येळा तोंड उघडलं मी मंडळींपुढं. निघालं न्हाई. गणपतरावास्नी सांगून ठेवलंय, वहिनींच्या लेखातलं एक अक्षर बदलायचं न्हाई."

"तुमच्या गौरवाच्या पुस्तकात हे?"

"दुसरीकडं लिवलं तर ही मंडळी वाचायची न्हाईत."

याला धैर्य म्हणावे की काय म्हणावे, मला ठरवता आले नाही. पण अण्णांनी आपल्या सन्मानातली एवढी जागा वसंतरावांसाठी मोकळी केली, हे खरे आहे, आणि मी ती वापरते. त्या पुस्तकात चौऱ्याऐंशी चित्रे आहेत. कै. वसंतराव माने यांनी त्यातले एकही कापले नव्हते. गणपतराव, हे आपणच छापणार आहात, म्हणून आपल्याला वेगळे सांगत नाही.

अण्णांना दीर्घायुष्य लाभो, आणि त्यांचे पाय चालते राहोत. वसंतराव ही गोष्ट अंगावर घेऊन सहा वर्षे याच गावातून खाली मान घालून चालले. हा ग्रंथ हातोहात गेल्यावर अण्णांनाही त्याच रस्त्यांनी रोज दुकानात जायचे आहे. त्यांना निदान तेवढी वर्षे मिळावीत, प्रकृती उत्तम असावी, आणि भेटेल त्याने त्यांना थांबवून विचारावे. मलाही विचारावे. आता हे सांगू शकणारी आम्ही दोघेच उरलो आहोत.

नळाला पाणी आले. मी उठून कळशी घासली आणि नळाखाली लावली.