सोंड डावीकडेच राहिली

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो हमीदा मॅडममुळे. गेल्या महिन्यात रोह्याहून त्यांच्या भाच्याचा फोन आला, "सर, खाला गेल्या..." तेव्हा मी वर्गात प्रकाशाचाच धडा शिकवत होतो.

पेणच्या कॉलेजात त्या आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायच्या. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी दुर्बिणीतल्या प्रिझमवर तोंडी परीक्षेत मी नापास झालो. पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण परीक्षकांसमोर तोंडच उघडेना. पेणजवळच्या जोहे गावात आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. बाबा म्हणाले, "बास झालं कॉलेज. उद्यापासून रंगकामाला बस." मी बसलोही. पण त्याच आठवड्यात मॅडम एसटीने कारखान्यात आल्या. पिशवीत भावाने कुवेतहून आणलेली दुर्बीण होती, शिवाय एका मोडक्या दुर्बिणीची भिंगं. ती भिंगं त्यांनी कागदाच्या नळीत बसवली आणि नळी बाबांच्या हातात दिली. "दादा, तो कोपऱ्यातला गणपती बघा."

बाबा दचकले. "डोकं खाली गेलं की! आणि सोंड उजवीकडं? मॅडम, ऑर्डर डावीची हाय." नळी खाली करून ते मूर्तीपाशी जाऊन सोंड चाचपून आले. मॅडम खळखळून हसल्या. मग त्यांनी चांगली दुर्बीण दिली. मूर्ती सरळ, सोंड डावीकडे. मॅडम बाबांच्याच बोलीत सांगू लागल्या, "हिच्या आत भिंगांशिवाय काचेचे दोन प्रिझम हायत. एक वरचं-खालचं सरळ करतो, दुसरा डावं-उजवं. आरशासारखा पाठीला पारा नाय, तरी उजेड तिरक्या काचेवरून पुरता माघारी वळतो. असा वळत वळत जातो, म्हणून लांब नळी लागत नाय."

"म्हणजे धोतर घडी घालून पिशवीत कोंबलं म्हणा."

"व्हय. आता हेच तुमच्या पोराला परीक्षेत सांगू द्या. एकदाच."

बाबा बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले. मग मला म्हणाले, "जा."

पुढच्या परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "दोन कशाला? एक प्रिझम पुरे नाही का?" मी म्हणालो, "एकाने गणपतीचं डोकं वर येईल सर, पण सोंड चुकीच्या बाजूला राहील." ते हसले, आणि मग मी थांबलोच नाही. निकाल लागला त्या आठवड्यात मी सुट्टीत रोह्याला गेलेल्या मॅडमना पत्र टाकलं :

"आदरणीय मॅडम, पास झालो. बाबांनी कारखान्याची पाटी स्वतः नव्याने रंगवली. तिच्यावर माझं नाव घालून पुढे बी.एस्सी. लिहिलं आहे, आणि ती अक्षरं पाटीवरच्या गणपतीपेक्षाही मोठी झाली आहेत. लहान करा म्हटलं, तर म्हणाले, हायवेवरून दिसायला नको? तुम्ही पेणहून मुंबईला जाताना एसटीत खिडकीशी बसा."