खाली राहिलेले पडदे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून लपवलेलं दुसरं काही माझ्याकडे नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला बरं पडतंय.

आमचं घर मुरबाडकडचं. भाताच्या खाचरांच्या वर थोडी माळजमीन आहे, तिथं तुती लावली, पत्र्याची शेड घातली आणि आम्ही रेशमाच्या अळ्या पाळायला लागलो. आम्ही म्हणजे खरं तर सुरेखा, माझी धाकटी जाऊ. प्रशिक्षण तिनं घेतलं, मी तिच्याकडून शिकले. तिला अळ्यांचं वेड. मला त्यांचा कंटाळा. अळ्या म्हणजे सगळे नखरेच. थंडी वाजली की खात नाहीत, उकडलं की आजारी पडतात, ओला पाला पोटात गेला की संपलं.

थंडीत आमची रीत ठरलेली. रात्री शेडचे पडदे खाली सोडायचे, आत शेगडी ठेवायची. ऊन वर आलं की शेगडी बाहेर, पडदे वर. दंव सुकल्यावरच पाला तोडायचा. यात अवघड काय आहे? काहीच नाही.

म्हशाची जत्रा होती. गावातला टेम्पो सकाळीच निघणार होता. सुरेखाला पाळी आलेली, ती बाहेर बसलेली. त्या दिवसांत बाईनं शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा सासूबाईंचा नियम, म्हणून सगळं काम माझ्या गळ्यात. अळ्या कोष करायच्या बेतात आलेल्या. दुपारी परत यायला नको म्हणून मी दंवानं भिजलेलाच पाला तोडला आणि दुप्पट घातला. शेगडी विझेल आपोआप, म्हटलं. आणि पडदे — पडदे मी वर केले नाहीत. विसरले म्हणू? नाही विसरले. टेम्पोवाला हॉर्न मारत होता आणि मला कंटाळा आला, एवढंच.

संध्याकाळी नवी घोंगडी खांद्यावर टाकून आले, तर पडदे वर. भर उन्हात ते खाली दिसले म्हणून सुरेखा धावत आत गेली होती. आत नुसती वाफ. ओला पाला तिनं हातानं उपसून बाहेर टाकला होता. सासूबाईंनी तिला बाहेर येताना बघितलं.

मग अळ्या मऊ पडल्या, काळ्या पडल्या, वास सुटला. घमेल्यांनी उचलून खड्ड्यात पुरल्या, वर चुना टाकला. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "इटाळ झाला. दुसरं काय नाय."

सुरेखा हळूच माझ्याकडे आली. "ताई, पडदे तुमी वर केलं व्हतं ना?"

केले होते, म्हटलं. वाऱ्यानं सुटले असतील.

त्या दिवशी वारा नव्हता. रेशीमवाले साहेब बघायला आले, त्यांनीही विचारलं, शेड बंद राहिली होती का? हवा कोंडली, पाला ओला असला की असंच होतं, म्हणाले. मी पुन्हा खोटं बोलले, नाही म्हटलं. सुरेखा मान खाली घालून उभी होती. आणि मला — खरं सांगते — हायसं वाटलं.

तिला शेड कायमची बंद झाली. तिनं वाद घातला नाही. अजून ती तुतीतून पाला आणते, दारात ठेवते आणि माघारी फिरते. कोष चांगले आले की लोक म्हणतात, थोरलीचा हात चांगला. मी ऐकून घेते. सासूबाई जाऊनही आता बराच काळ लोटला. तिला आत ये म्हणायला मला कुणी अडवलं होतं? पण मग विचारलं असतं ना सगळ्यांनी — आत्ताच का?

परवाच्या थंडीत सुरेखाची लेक घरी आली होती. कॉलेजात जाते, असलं काही मानत नाही. पाळी असूनही अळ्या बघायला निघाली, तसा सुरेखानं तिचा दंड धरला. "नको गो. मी गेलती तशी आत, नि सगळं मेलं. माझ्या हातानं मेलं."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. "मोठीआई, खरं काय हे?"

मी म्हटलं, "आई सांगते ते ऐक."