मेलेल्या गोळ्यांचा साठा

नाहीभाऊंना हे नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याच्या जिभेवर तीळ असणार. सरकारी दवाखान्यात ते औषधांचे भांडारपाल. चोवीस वर्षं खिडकीत बसून दिवसातून चाळीस वेळा "नाही" म्हणायचं, ही सवय अंगात इतकी मुरली की घरी बायकोने "अहो, मीठ आहे का बघा" म्हटलं तरी डबा न उघडताच "शिल्लक नाही" म्हणून मोकळे. एकदा मेव्हण्याने फोनवर "भाऊजी, तब्येत कशी आहे?" विचारलं, तर तोंडातून निघालं, "पुढच्या आठवड्यात या."

हसायला ठीक आहे. पण माणूस हात आखडता घेणारा नव्हता. उलट प्रत्येक "नाही"ला त्यांच्या पोटात दुखायचं, आणि पोटदुखीच्या गोळ्याही बहुतेक वेळा शिल्लक नसायच्या.

त्या सोमवारी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या वहिनींनी त्यांना गाठलं. वहिनींना फिट यायची. खिडकीवरच्या पांढऱ्या गोळ्या रोज दोन घेतल्या की येत नसे; दोन वर्षांत एकदाही आली नव्हती. त्याआधी एकदा मशीनवर बसल्या असताना आली, तेव्हा सुई बोटातून आरपार गेली होती. त्या बोटाचं नख अजून दुभंगलेलं उगवतं, आणि वहिनी बोलताना नेमकं तेच बोट नाचवतात.

"भाऊजी, आठ दिवसांच्या उरल्यात. परवा खिडकीवर नाही म्हणालात, ते खरंच की सवयीने?"

"खरंच."

"मग दुकानातून आणू?"

"दुकानात मिळत नाहीत. इतक्या स्वस्त आहेत की ठेवणं त्यांना परवडत नाही."

"म्हणजे महाग असत्या तर मिळाल्या असत्या, आणि मला परवडल्या नसत्या. वा! मग मी काय करू, मशीनला सुई न लावता शिवू?"

नाहीभाऊ खाली मान घालून उतरले. कारण वहिनींना सांगायची लाज वाटावी अशी एक गोष्ट होती: भांडारात त्याच गोळ्या बेचाळीसशे पडून होत्या. सलाईनच्या खोक्यांमागे, दोन खोकी भरून. फक्त त्यांची मुदत संपून वर्ष झालं होतं. मुख्य कोठाराने त्या एकदम धाडल्या तेव्हाच मुदतीला दोन महिने उरले होते. फिटचे तेवीस रोगी दोन महिन्यांत खाऊन खाऊन किती खाणार?

मुदत संपली तरी गोळ्या फेकता येत नाहीत. तीन जणांच्या समितीने त्या बघायच्या, मोजायच्या, सही करायची, मगच त्या नोंदवहीतून उतरतात. समितीतला एक निवृत्त झाला, दुसऱ्याची बदली झाली. उरले दवाखान्याचे मोठे डॉक्टर. त्यांचं म्हणणं, "मी एकट्याने सही केली तर उद्या म्हणतील यानेच विकल्या. मला दुसरी एक सही आणून द्या, मी एका पायावर करतो." त्यामुळे नोंदवहीत गोळ्या जिवंत, खोक्यात मेलेल्या. आणि अलीकडे माल पाठवायचं ठरवतो संगणक, तोही नोंदवहीतला आकडा बघून.

नाहीभाऊंनी कोठारातल्या बाईंना फोन लावला.

"बाई, फिटच्या गोळ्या पाठवा."

"तुमच्याकडे तर बेचाळीसशे दिसतायत! तुमच्याकडच्याच दुसरीकडे वळवाव्यात असं इथे चाललंय."

"मुदत संपलीय हो त्यांची."

"मग कमी करा नोंदीतून."

"समिती नाही."

"मग आहेत."

"आहेत, पण मेल्यात!"

"भाऊ, संगणकाला नाडी बघता येत नाही. तो डोकी मोजतो. मी काय करू, माझ्या घरी कारखाना आहे का गोळ्यांचा?"

पत्रं तर त्यांनी वर्षभरात सहा पाठवली होती. उत्तर एकाचंच आलं: "सध्याच्या वापराच्या वेगाने हा साठा किती महिने पुरेल ते कळवावे." कागदावर वापर शून्य. म्हणजे सूर्य विझेपर्यंत पुरेल. असं लिहायची फार उबळ आली होती, पण पेन्शन डोळ्यांपुढे आली.

शेवटी त्यांनी भांडारपालांचा जुना उपाय पुन्हा काढला; वर्षभर इकडून तिकडून उसन्या आणून त्यावरच भागवलं होतं, पण जवळपासचे साठे आता आटले होते. दोन तासांवरच्या दवाखान्यात भांडार सांभाळणाऱ्या एक ताई होत्या. त्यांच्याकडे याच गोळ्या पंधराशे पडून होत्या, न मागता आलेल्या, मुदतीला चार महिने बाकी असलेल्या. आणि त्यांना हवी होती जुलाबात पाण्यातून द्यायची मीठ-साखरेची पाकिटं, जी नाहीभाऊंकडे न मागता आली होती. असला व्यवहार सगळे भांडारपाल करतात, आणि त्याचा नियम एकच: कागदाला हात लावायचा नाही.

गुरुवारी दुपारी मधल्या गावाच्या बसस्थानकात दोघांनी पिशव्या बदलल्या. दोघंही असे इकडेतिकडे बघत होते की पोलिसाने पाहिलं असतं तर नक्की अफू समजून धरलं असतं.

"काय वेळ आलीय बघा," ताई म्हणाल्या. "सरकारचं औषध सरकारी रोग्याला द्यायला सरकारी माणसं चोरून भेटतायत."

शुक्रवारी सकाळी वहिनींच्या हातात महिन्याच्या गोळ्या पडल्या. बाकी बावीस जणांनाही निरोप गेले. मग नाहीभाऊ नोंदवही उघडून बसले आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

लिहायचं नाही, तर वापर शून्यच राहणार. संगणक म्हणेल, इथे फिटच्या गोळ्या कुणी खातच नाही, पुढच्या वर्षीचा वाटा काढून टाका. म्हणजे रोगी जगवण्यासाठी जितकी धडपड करावी तितका रोगी कागदावरून पुसला जाणार. चोवीस वर्षं आपण असंच भागवत आलो, आणि भागवून भागवूनच वरच्यांना सगळं सुरळीत दिसत आलं, हे त्या दिवशी प्रथमच त्यांच्या डोक्यात शिरलं. इतका राग आला की पेनाचं टोपण दाताने फुटलं. राग कोठारावर होता, पण बराचसा स्वतःवर.

त्यांनी ताईंना फोन केला. "ताई, मी लिहितोय. उसन्या आणल्या म्हणून."

"वेड लागलंय का तुम्हाला? माझी तीन वर्षं राहिलीत!"

"तुमचं नाव घालू की नको?"

ताई म्हणाल्या, "घाला. आकाशातून पडल्या असं लिहिणार आहात का? मी पण पाकिटांचं लिहिते. बुडायचंच तर दोघं बुडू, निदान गप्पा मारायला सोबत."

सहा पत्रांना वर्षभर दाद न देणारं कोठार या एका नोंदीवर चार दिवसांत जागं झालं. नोटीस आली: बेचाळीसशे गोळ्या शिल्लक असताना विनापरवानगी उसनवारी का केली? चौकशीसाठी अधिकारी पुढील महिन्याच्या तेवीस तारखेला प्रत्यक्ष साठा तपासतील.

बायकोने घाबरून विचारलं, "अहो, नोटीस आलीय आणि तुम्ही हसताय काय?"

"अगं, माणूस येतोय! खोकं उघडून बघणारा, सही करू शकणारा माणूस! डॉक्टरांना हवी ती दुसरी सही आपल्या पायाने चालत येतेय."

हसू कॅलेंडर बघेपर्यंतच टिकलं. उसन्या गोळ्या अठराला संपत होत्या, अधिकारी येणार तेवीसला, आणि सही झाल्यावर माल यायला आणखी चार दिवस. मध्ये नऊ दिवस. आणि खालून मशीनचा खडखडाट चालूच होता.

त्यांनी फोन उचलला. "बाई, माझी चौकशी जरा लवकर होईल का? दहा दिवस आधी?"

"भाऊ, लोक चौकशी पुढे ढकला म्हणून फोन करतात. लवकर करा म्हणणारे तुम्ही पहिले. हे कुठल्या अर्जावर घ्यायचं तेच मला माहीत नाही."

"औषधाच्या मागणीपत्रावर घ्या," नाहीभाऊ म्हणाले. "वस्तू: अधिकारी. नग: एक. आणि 'तातडीचे'वर खूण करायला विसरू नका."