बाळंतिणीचे लाडू

हसनाबादच्या अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या प्रभावतीला गावात कुणी कधी वाईट म्हटलं नाही. म्हणायला तिनं जागाच ठेवली नव्हती. कुणी काही सांगो, हिचं आपलं "हो बाई, हो दादा". नवरा गेल्यावर खुरपणी करकरून तिनं एकुलत्या एक नागसेनला आयटीआय शिकवलं. पोरगा एसीच्या कामात तरबेज झाला आणि आखातात लागला.

तो पहिल्यांदाच सुट्टीवर आल्ता. परत निघायच्या आदल्या दिवशी दारात नंदाबाई उभ्या. नंदाबाई म्हणजे गावातलं जुनं, जमीनजुमल्याचं घर. प्रभावतीचं निम्मं आयुष्य त्यांच्याच रानात वाकून गेलं, पण बाईंनी बौद्धवाड्यात कधी पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला. खुर्चीवर बसल्या, चहासुद्धा घेतला. गरज पडली की माणसाचा विटाळ कसा झटक्यात फिटतो बघा. त्यांचा मुलगा सोमेश्वर आखातात नागसेनच्याच शहरात हापिसात होता आणि सून मीना तिकडंच बाळंत झाली होती. तिच्यासाठी डिंकाचे लाडू आणले होते, डबा चांगला फडक्यात शिवून.

नागसेननं आईला आत बोलावलं. "आई, दुसऱ्याचं सामान न्यायचं न्हाई. कंपनीनं बजावलंय. बॅगेत जे सापडंल, त्याचा धनी आपण."

"गप बस. आजवर बाई कधी आपल्या दारात आल्त्या का? त्यांच्या तोंडावर न्हाई म्हणू? बाळंतिणीच्या लाडवात काय बाँब असतो?"

आणि तिनं स्वतःच्या हातानं डबा बॅगेत कोंबला. खोटं कशाला बोला, त्या दिवशी तिची मान ताठ झाली होती. शेजारच्या गिरिजाबाईला तिनं दोनदा ऐकवलं, बाई आमच्याकडं चहा पिऊन गेल्या म्हणून.

लाडवात बाँब नव्हता, खसखस होती. आपल्याकडं किराणा दुकानात पुडी मिळते तीच. पण ती अफूच्या बोंडातली, आणि तिकडच्या कायद्याला अफू नि खसखस एकच. हे नंदाबाईंना ठाऊक नव्हतं, प्रभावतीला नव्हतं आणि नागसेनलाही नव्हतं. विमानतळावर डबा उघडला आणि पोरगा तिथूनच आत गेला. चूक तिघांची, पण बॅग एकाच्या हातात होती.

तिकडं त्याच्या खोलीत राहणाऱ्या संपतनं फोन करून कळवलं. बिचाऱ्यानं धावपळ करून वकीलही गाठला. डबा कुणाचा ते प्रभावतीनं फोनवर सांगितलं, तेव्हा वकील म्हणाला, ज्याच्या घरी लाडू चालले होते त्यानं पुढं यावं. माझ्या बायकोसाठी माझ्या आईनं घरचं खाणं धाडलं, एवढं बोलावं. मग प्रकरण हलकं होईल, पोरगा सुटेलसुद्धा.

प्रभावती तशीच नंदाबाईंच्या घरी गेली. बाईंनी तिला फाटकाच्या आत घेतलं नाही.

"बाई, सोमेश्वरला तेवढं सांगायला लावा. तुमच्या पाया पडते."

"त्याचं लेकरू तान्हं हाये, प्रभावती. उद्या त्यालाच धरलं मंग?"

"अन् माझं लेकरू, बाई?"

"तुझं तर गेलंच हाये ना आत. आता दोघं जाऊन काय फायदा?" बाई वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "अन् डबा मी दिल्ता, हे पाह्यलं तरी कुणी?"

प्रभावती तशीच मागं फिरली. त्या बाईच्या रानात हिनं पोर पाठीशी बांधून कापूस वेचला होता. वाटेनं येताना तिनं मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. बाईंना दिल्या, सोमेश्वरला दिल्या, आणि सगळ्यात घाण शिव्या स्वतःला दिल्या. चहा पाजून आपणच पोराला विकलं, असं ती म्हणत होती. लोक बघत होते. बघू देत, म्हणाली.

आठवड्यानं तुरुंगातून नागसेनचा फोन आला. प्रभावतीनं वेळ घालवला नाही.

"ऐक. डबा कुणाचा, कुणासाठी, समदं बराबर सांग. सोमेश्वरचं नाव घे. गावाचं काय व्हायचं ते मी बघते."



"आई, मी पहिल्याच दिवशी सांगून बसलो. लाडू माझ्या आईनं केले म्हणलो. आईचं नाव ऐकून सोडतेल असं वाटलं. सही बी केली. आता बदललं तर मीच खोटा पडतो. सोमेश्वर आपणहून आला तरच काय ते."

तो येणार नाही, हे तिला सांगवेना. "येईल," ती म्हणाली.

"आज पोलीस परत विचारत होते," नागसेन म्हणाला. "असले लाडू दिले म्हणजे आईचा तुझ्यावर काही राग हाये का म्हणून. मी म्हणलो, न्हाई साहेब. तिला माझ्याबिगर कुणीच न्हाई."