पाहिली होती ती पाठ

श्रीविश्वेश्वराला आणि भागीरथीला वंदन करून लिहितो. आज रामघाटावरच्या आमच्या लहानशा देवळात चोरीला गेलेल्या मुखवट्याच्या जागी देवीला चांदीचा नवा मुखवटा चढला. मानाचे पहिले गंध मला लावले — चोर ओळखून देणारा म्हणून. तो चोर मी कसा ओळखला, हे आजवर कोणालाच सांगितलेले नाही. देवीलासुद्धा नाही.

माघातली पहाट होती. स्नान करून पायऱ्या चढत होतो, तोच देवळातून एक मनुष्य निघून धुक्यात पळाला. मला दिसली ती त्याची पाठ. केवळ पाठ.

पुढे कोतवालीत दारोगाने काही माणसे ओळीने उभी केली. एक चेहरा परिचित वाटला — कुठला, ते आठवेना. मीच ठरवले, देवळापाशीच पाहिला असणार! तेवढ्यात तो माणूस आशेने म्हणाला, “पंडितजी, हमके चीन्हत हउआ न?” मला ओळखता ना — एवढेच विचारले त्याने.

“हाँ, चीन्हता हूँ.”

“वाह पंडितजी!” दारोगा म्हणाला. “आँख हो तो ऐसी!”

त्या एका ‘वाह’ने किती धुके विरले, काय सांगू? घरी पत्नी म्हणाली, “अहो, पण तोंड दिसलं का? केवढं धुकं होतं!” मी संतापलो — “वेद मुखोद्गत असणाऱ्याची स्मृती आहे ही!” मग जो भेटेल त्याला हकीकत सांगत सुटलो. आम्ही संथा घोकणारी माणसे. आवृत्तीने स्वर पक्का होतो. पण खरा होतो का? पाहिली होती ती पाठ. न्यायालयात म्हटला तो पाठ — कुठेही न अडखळता. साहेबाने विचारले, शंका? मी म्हणालो, लेशमात्र नाही.

त्या माणसाला, भिखूला, सक्तमजुरी झाली.

त्यानंतर एकदा रामनगरला जाण्यासाठी नावेत बसलो. पैलतीरी चिखल होता, मी थबकलो. म्हातारा नावाडी हळूच म्हणाला, “हमार भिखू रहत त कान्हे पर उतार देत, पंडितजी.”

कान्हे पर! गेल्या आषाढात मला खांद्यावर घेऊन याच चिखलातून कोणी नेले होते? उतरताना मी कोणाच्या तोंडाकडे पाहून आशीर्वाद दिला होता?

कचेरी दूर नव्हती. मी गेलो नाही. वैदिकाची स्मृती चुकली, असे कोणत्या तोंडाने सांगणार होतो? — आणि सांगण्याजोगा वेळ होता, तोवर गप्पच राहिलो. भिखू तुरुंगातच वारला.

वाचकहो, श्रीविश्वेश्वर तुमच्या घरादाराला सुखी ठेवो. आणि तुमच्यातले कोणीही, कधीही, माझ्यासारख्याच्या समोर ओळीत उभे न राहो.